खळखळाट नेमका कशाचा?

कुठल्याही दैनिकाचे जिल्ह्याचे पान उघडा, त्यात एखादी तरी 'खळबळ' हमखास सापडते. चोरी झाली की गावात खळबळ, बदली झाली की कार्यालयात खळबळ, कुणी पक्ष सोडला की राजकारणात खळबळ. मनातही खळबळ माजते आणि शिळेपाके खाल्ले तर पोटातही. या सगळ्या खळबळींत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. काहीतरी बिघडले आहे, घडी विस्कटली आहे.

विज्ञानात याच अर्थाच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, टर्ब्युलन्स. मराठी पुस्तकांत त्याला प्रक्षोभ किंवा संक्षोभ म्हणतात आणि अशा प्रवाहाला प्रक्षुब्ध प्रवाह. शब्द जड वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. पुरातली पैनगंगा, वैशाखात सोयाबीनच्या रिकाम्या वावरातून गरगरत जाणारी वावटळ, उकळी फुटलेले वरण, ही सगळी त्याचीच रूपे. फरक इतकाच की बोलण्यातल्या खळबळीला आपण दोष देऊन मोकळे होतो. विज्ञान मात्र विचारते, ही खळबळ कुठे सुरू झाली, का झाली आणि ती काय सांगते आहे? दवाखान्यात या प्रश्नांची उत्तरे कधी कधी एखाद्या मुलाच्या आयुष्याशी जोडलेली असतात.

शाळेतली तपासणी

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तो दिवस डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघर येथून सुरू झालेला हा कार्यक्रम. पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जाते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. वजन, उंची, डोळे, दात झाले की डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. एखाद्या मुलीपाशी त्यांचा हात थोडा जास्त वेळ थांबतो. 'लब-डब' या दोन ठोक्यांच्या मधल्या शांत जागेत काहीतरी सळसळते आहे. कार्डावर नोंद होते: मर्मर.

संध्याकाळपर्यंत ही नोंद घरी पोचते तेव्हा तिचे रूप बदललेले असते. "पोरीच्या दिलाले छेद हाय म्हणते." आई घाबरते. आजी म्हणते, "काही नाही, दिवसभर उड्या मारते ते." बाप दोघींच्या मध्ये अडकतो. मग एकतर उसनवारी करून मोठ्या शहराची गाडी पकडली जाते, नाहीतर ते कार्ड दप्तरातच राहून जाते. दोन्ही टोके चुकीची. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, त्या आवाजाचा अर्थ कुणी नीट सांगितलेला नसतो.

मर्मर हा शब्द इंग्रजीतून आला असे वाटते. पण संस्कृतातही मर्मर म्हणजे सुक्या पानांची सळसळ. दोन दूरच्या भाषांनी एकाच आवाजाची सारखीच नक्कल केली आहे. हृदयातला हा आवाज म्हणजे रक्ताच्या प्रवाहातली खळबळ, आपल्या कानापर्यंत पोचलेली.

नळाची धार आणि उदबत्तीचा धूर

ही खळबळ समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातला नळ अगदी थोडा सोडा. काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत, स्थिर धार पडते. नळ आणखी सोडत न्या. एका क्षणी धार खडबडीत होते, पांढुरकी दिसते आणि आवाज करू लागते. देवघरातली उदबत्तीही हेच दाखवते. वारा नसेल तर धूर वीतभर सरळ वर जातो आणि मग अचानक त्याची वेटोळी होऊन तो विस्कटतो.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये हेच काम पद्धतशीर केले. काचेच्या लांब नळीतून त्यांनी पाणी वाहू दिले आणि त्यात रंगाची एक बारीक रेघ सोडली. वेग कमी असताना रेघ नळीभर सरळ राहिली. वेग वाढवत नेल्यावर ती थरथरली आणि पुढे क्षणात सगळ्या पाण्यात मिसळून गेली. हा बदल चार गोष्टींवर ठरतो असे त्यांनी दाखवले: प्रवाहाचा वेग, नळीची रुंदी, द्रवाची घनता आणि त्याचा दाटपणा. वेग, रुंदी आणि घनता यांचा गुणाकार करून त्याला दाटपणाने भागले की जो आकडा येतो, तो रेनॉल्ड्स अंक. सरळ नळीत हा आकडा सुमारे दोन हजारांच्या आत असला तर प्रवाह शहाण्यासारखा वागतो. त्याच्या बराच वर गेला की खळबळ.

म्हणजे खळबळीलाही नियम आहे. ती कुठेही, कशीही उगवत नाही. वेग वाढला, वाट अचानक बदलली, द्रव पातळ झाला, यापैकी काहीतरी घडलेले असते.

रक्त आवाज केव्हा करते

रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाट असते आणि आपल्या बहुतेक रक्तवाहिन्यांत ते थर धरून, निमूट वाहते. म्हणून मनगटावर, मांडीवर कुठेही स्टेथोस्कोप ठेवला तरी सहसा काही ऐकू येत नाही. लब-डब हे आवाज झडपा मिटण्याशी जोडलेले असतात. त्यांच्या मधली शांतता ही निरोगी प्रवाहाची खूण.

ही शांतता मुख्यतः तीन कारणांनी मोडते. पहिले, वाट अरुंद होणे किंवा झडप गळणे. महाधमनीच्या तोंडाशी रक्ताचा वेग साधारण सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. तिथली झडप आकसली की तेवढेच रक्त बारीक फटीतून जाते आणि वेग सेकंदाला चार मीटरच्याही वर जाऊ शकतो. त्या जोरदार धारेपुढे रक्त घुसळले जाते. दुसरे, नसावी तिथे वाट असणे. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असले की जास्त दाबाच्या बाजूचे रक्त कमी दाबाच्या बाजूला उसळते.

तिसरे कारण आपल्या घरोघरी आहे, रक्तक्षय. हिमोग्लोबिन कमी झाले की रक्त पातळ होते. त्यातच शरीराला प्राणवायू पुरवायचा म्हणून हृदय जास्त रक्त, जास्त वेगाने ढकलू लागते. रेनॉल्ड्स यांच्या हिशेबात भागाकाराचा आकडा घटतो आणि वेगाचा वाढतो. हृदय धडधाकट असूनही सळसळ ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सोयाबीन सोंगताना ज्या बाईला पूर्वी थकवा माहीत नव्हता, ती आता दर पातीला कंबरेवर हात ठेवून उभी राहते आणि घरचे म्हणतात, "वय झालं." तिच्या छातीतला आवाज हृदयरोगाचा असेलच असे नाही. पण तो लोह मागतो आहे. गोळ्या नियमित घेतल्या, जंतांचे औषध घेतले, पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्याचा इलाज झाला, की कित्येकदा आवाज आपसूक विरतो.

आणि एक चौथा प्रकार, ज्याला कारणच चिकटलेले नसते. निरोगी, वाढत्या वयाच्या मुलांमध्ये बारीकशी, गोडसर सळसळ अनेकदा ऐकू येते. ताप आला, मूल धावून आले की ती मोठी होते आणि वय वाढले की नाहीशी होते. तिला निरुपद्रवी मर्मर म्हणतात. तिला औषध नाही, पथ्य नाही, खेळ बंद करण्याची गरज नाही.

म्हणीची दुसरी बाजू

आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. माणसांबद्दल ती किती खरी हे ज्याने त्याने ठरवावे. हृदयाबद्दल मात्र ती चकित करावी इतकी खरी आहे.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला लहानसे छिद्र असेल तर दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक टिकून राहतो. रक्त त्या बारीक वाटेतून जोराने उसळते आणि मोठा आवाज करते. कधी कधी तो हाताच्या तळव्यालाही थरथरीसारखा जाणवतो. फ्रेंच वैद्य आंरी रोजे यांनी १८७९ मध्येच हे लिहून ठेवले होते की अशी मोठा आवाज असलेली मुले बहुधा सुखरूप असतात. यातली बरीच छिद्रे पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतात. याउलट छिद्र मोठे असेल तर दोन्ही कप्प्यांतला दाब जवळजवळ सारखा होतो. धारेला जोर राहत नाही, आवाज बारीक होतो, काही वेळा ऐकूही येत नाही. त्या वेळी रक्त मात्र फुप्फुसांत लोंढ्याने शिरत असते.

म्हणून अशा तपासणीत भेटणाऱ्या दोन चित्रांची तुलना करावी. एक, आठ-नऊ वर्षांची मुलगी. आवाज मोठा, पण वजन-उंची वयाप्रमाणे, धावण्यात कुणाला ऐकत नाही. दुसरे, अंगणवाडीतले चार महिन्यांचे बाळ. आवाज जेमतेम. पण ते दूध ओढताना मध्येच थांबते, कपाळावर घामाचे थेंब येतात, श्वास भरभर चालतो, वजन वाढत नाही आणि महिन्याआड छाती भरते. घाई दुसऱ्यासाठी करायची असते. कानापेक्षा इथे आईचे निरीक्षण मोलाचे. "लेकरू दूध पेता पेता थकते," हे वाक्य डॉक्टरांपुढे बोललेच पाहिजे.

नदीच्या बाबतीत मात्र ही म्हण अर्धीच खरी आहे. दगडगोट्यांवरून जाणारा ओढा आवाज करतो तो मुख्यतः पाण्यात कोंडल्या जाणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. खोल पाणी गप्प असते, पण शांत नसते. रेनॉल्ड्स यांच्या सूत्रात रुंदी आणि खोली वाढली की आकडाही वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात वरून सपाट दिसणाऱ्या पैनगंगेच्या किंवा अडाणच्या पोटात त्या ओढ्यापेक्षा कितीतरी मोठी खळबळ असते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर पाणी कोसळून तळाशी जाते आणि गोल फिरून पुन्हा भिंतीकडे येते. त्यात सापडलेला पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग तरंगतही नाही. पोळ्याला बैल धुताना, गणपती विसर्जनाला ही जागा टाळावी. कुणी पडले तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर, बांबू, फुगवलेली ट्यूब फेकावी. बाहेर काढल्यावर पोट दाबत किंवा उलटे टांगत वेळ घालवू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि कुणाला तरी लगेच १०८ क्रमांक लावायला सांगावे.

दोन शांततांच्या मधला आवाज

प्रवाहातल्या खळबळीचा वैद्यकाने सर्वाधिक उपयोग कुठे केला असेल तर रक्तदाब मोजताना. दंडाला पट्टा बांधून तो फुगवण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण लष्करी शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला.

पट्टा पुरता फुगवला की धमनी दबते, रक्त थांबते, काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त अर्धवट उघडलेल्या वाटेतून उसळते. टक-टक ऐकू येऊ लागते. हा वरचा आकडा. पट्टा आणखी सैल झाला, धमनी पूर्ण उघडली की रक्त पुन्हा निमूट वाहू लागते आणि आवाज थांबतो. हा खालचा आकडा. शंभराहून अधिक वर्षे जगभरचे डॉक्टर आणि परिचारिका या दोन शांततांच्या मधला आवाज ऐकत आल्या आहेत.

हा आवाज खरा कळावा म्हणून मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून बसावे. अर्धा तास आधीपासून चहा, विडी आणि खर्रा नको. लघवीला जाऊन यावे. हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवावा, बाही घट्ट नसावी आणि मोजताना बोलू नये. वेगवेगळ्या दिवशी आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला तर उपचार लागतात. त्रास होत नाही म्हणून गोळी बंद करणाऱ्यांनी खोल पाण्याची गोष्ट आठवावी. रक्तदाब हा गप्प वाहणारा पूर आहे.

जिथे खळबळच हवी

प्रत्येक खळबळ थोपवायची असते असेही नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या हातावर डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून एक वाट तयार करतात, तिला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोटे ठेवली की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते. रुग्णाला रोज सकाळी ती तपासायला शिकवतात. थरथर आहे तोवर वाट चालू. ती थांबली तर तिथे गाठ झाली असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. इथे शांतता धोक्याची.

हृदयालाही भोवऱ्यांचे वावडे नाही. महाधमनीच्या झडपेमागे तीन फुगीर कोनाडे असतात. रक्त बाहेर पडताना त्यांत भोवरे तयार होतात आणि ते झडपेच्या पाकळ्या वेळेवर मिटायला मदत करतात. चित्रकार म्हणून आपण ओळखतो त्या लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी ही कल्पना रेखाटून ठेवली होती. पुढे विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी ती खरी ठरवली.

तरीही प्रवाहातली खळबळ शास्त्रज्ञांच्या पुरती हाती आलेली नाही. ती ज्या समीकरणांनी मांडली जाते, त्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांविषयीच्या एका मूलभूत प्रश्नावर अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अजून कुणी घेतलेले नाही. आकाशातही तसेच. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेले विमान उतरताना हवेच्या खळबळीत सापडले आणि अनेक प्रवासी जखमी झाले. निरभ्र आकाशात अशी हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दिवा विझला तरी आसनाचा पट्टा बांधलेला ठेवावा, एवढाच साधा उपाय.

कार्डावरच्या नोंदीचे काय करायचे

आता त्या मुलीच्या कार्डाकडे वळू. मर्मर ही नोंद म्हणजे निदान नव्हे. तो एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा इकोच्या तपासणीत मिळते. कलर डॉप्लर यंत्र ध्वनिलहरींच्या साह्याने रक्ताचा प्रवाह पडद्यावर दाखवते. यंत्राकडे येणारे रक्त लाल, दूर जाणारे निळे आणि जिथे खळबळ आहे तिथे रंगांची सरमिसळ. ज्या मुलांना उपचार किंवा शस्त्रक्रिया लागते, त्यांची सोय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून विनाखर्च होते. त्यासाठी पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवावी आणि सांगितलेल्या तारखेला जावे.

वाट पाहू नये अशा खुणा मोजक्या आहेत. बाळ दूध पिताना थकणे व घामाघूम होणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया, ओठ-नखे निळसर होणे, खेळताना भोवळ येणे किंवा छातीत दुखणे. शाळकरी मुलाला घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि सांधे एकामागून एक सुजू लागले, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. तो हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवतो. त्यात दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकवायचे नसते, मूल बरे दिसत असले तरीही. आणि लहान छिद्र असलेल्या मुलांनी दात स्वच्छ ठेवावेत. किडक्या दातांतले जंतू रक्तातून हृदयाच्या त्याच जागी जाऊन घर करू शकतात.

इको झाल्यावर त्या मुलीच्या आईला बहुधा असेच काहीतरी ऐकायला मिळेल: "बाई, छिद्र बारीक आहे. आवाज मोठा आहे, धोका लहान आहे. शाळा, खेळ काही बंद करू नका. वर्षाने पुन्हा दाखवा." ती निःश्वास टाकते. तो निःश्वास शेजारच्या बाळाच्या आईपर्यंतही जायला हवा, आणि त्यासोबत एक प्रश्नही: तुमचे लेकरू दूध पिताना थकते का?